जुन्या जीपच्या चाकाचे नट सुटत नाहीत? आधी दिशा, मग तेल, मग घण

गेली चार वर्षं दर ऑक्टोबरात आमच्याकडे एकच तमाशा. पावसाळाभर देवगडच्या घरामागे मांगरात उभी असलेली काकांची जीप बाहेर काढायची, ब्रेक बघायला चाकं उतरवायची म्हणून पाना लावायचा, आणि डाव्या अंगाचं मागचं चाक हटून बसायचं. उजवीकडची दोन्ही चाकं दहा मिनिटांत जमिनीवर. डावीकडे पहिल्या वर्षी एक स्टड (ज्यावर नट चढतो तो बोल्ट) तुटला, दुसऱ्या वर्षी दोन नट गोल झाले. तिसऱ्या वर्षी वैतागून गाडी टायरवाल्याकडे नेली, त्याने नट फिरवायची गन लावली आणि एक स्टड जागच्या जागी भिंगरीसारखा फिरायला लागला. चौथ्या वर्षी त्या चाकाला हात लावायचीच भीती वाटत होती.

दोष गंजाचा, असं मी धरून चाललो होतो. खाडीवरचा वारा, खारी हवा, दुसरं काय होणार. गंज होताच, पण तो चौथ्या नंबरचा गुन्हेगार निघाला. आधीचे तीन माणसांचे होते, त्यातला एक माझा स्वतःचा. ज्यांच्याकडे जुनी जीप आहे आणि दरवेळी त्याच चाकाशी कुस्ती चालते, त्यांनी पाना उचलायच्या आधी हे वाचावं.

गाडी महिंद्राची सीजे-३बी, उंच बॉनेटवाली. विलीजने हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली आणलं, आपल्याकडे महिंद्राने ते पुढे कित्येक वर्षं बनवलं. चाकाला पाच स्टड, अर्ध्या इंचाचे, म्हणजे मिस्त्री लोकांच्या भाषेत चार सुती, इंचाला २० असे बारीक आटे. टायर ६.००-१६. खाली लिहिलेलं बरंचसं इतर जुन्या गाड्यांनाही लागू पडेल, पण उलट्या आट्यांचा आणि फुलवलेल्या स्टडचा भाग मुख्यतः जीपवाल्यांसाठी आहे.

पहिला गुन्हेगार: चुकीची दिशा

पहिल्या वर्षी मी पान्याला चार फुटी पाइप लावून त्यावर अक्षरशः उभा राहिलो होतो. गावातले म्हातारे मिस्त्री सड्यावरून चालले होते. थांबले, बघितलं, म्हणाले, "काय करतास?"

"नट जाम झालाय, मिस्त्री. सोडतोय."

"तुमी सोडतास नाय, घट्ट करतास. हो उलटो नट. असो जल्मात सुटाचो नाय."

त्यांचं वाक्य पुरं होईतो कट्‌ असा आवाज आला आणि मी पाइपासकट खाली. स्टड तुटला होता.

या जीपच्या डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांना उलटे आटे असतात. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की नट सुटतो, उलट फिरवलं की आवळतो. उजवीकडे सगळं नेहमीसारखं. हा काही कारखान्याचा विक्षिप्तपणा नाही. चाक फिरताना नटाच्या निमुळत्या तोंडावरचा भार सतत गोल गोल सरकत राहतो, आणि नट जरा जरी ढिला असेल तर हा सरकता भार त्याला हळूहळू चालवत नेतो. गाडीच्या डाव्या बाजूला ही चाल साध्या आट्याच्या नटाला सोडवणारी असते, म्हणून तिथे आटेच उलटे घातले. सायकलचं डावं पॅडल ज्याने कधी काढलंय त्याला हे नवीन नाही, तिथेही हाच हिशेब. अमेरिकेत क्रायस्लरच्या गाड्यांनाही १९७० च्या आसपासपर्यंत डावीकडे उलटे आटे येत. पुढे लक्षात आलं, की निमुळत्या तोंडाचा नट नीट आवळला तर दोन्हीकडे सुलटे आटे चालतात. मग ही पद्धत गेली, आणि आजच्या पोरांना ती माहीत असायचं कारण उरलं नाही.

आता गंमत अशी, की आपल्याकडे गॅरेजमध्ये डावी-उजवी असं कोणी म्हणत नाही. ड्रायव्हर साईड आणि क्लीनर साईड म्हणतात. "उलटे आटे क्लीनर साईडला," हे वाक्य मी दोन वेगवेगळ्या गॅरेजांत ऐकलंय. बहुतेक गाड्यांत ते बरोबर ठरेल. पण आमच्या जीपच्या मागच्या फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, लेफ्ट हँड ड्राइव्ह. अशा जीपा आपल्याकडे खूप होत्या, रस्त्यावर हे अक्षर वाचल्याचं अनेकांना आठवत असेल. म्हणजे आमच्या गाडीत ड्रायव्हरच डावीकडे बसतो आणि उलटे आटे ड्रायव्हर साईडला येतात! टायरवाल्याचा पोरगा पाठ केलेला नियम वापरून चुकीच्या बाजूला गनची दिशा बदलत होता. तेव्हा साईड विसरा. गाडीच्या मागे उभे राहा, तोंड गाडीच्या नाकाकडे करा, आणि मग डावा हात वर करा. ती बाजू.

त्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पन्नास-साठ वर्षांत कोणीतरी डावं हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) बदलून सुलट्या आट्यांचं बसवलेलं असू शकतं, किंवा एकाच हबमध्ये तीन उलटे आणि दोन सुलटे स्टड असू शकतात. प्रत्येक स्टड स्वतंत्र तपासायचा. उलट्या स्टडच्या टोकावर बहुधा इंग्रजी एल अक्षर ठोकलेलं असतं, तारेच्या ब्रशने घासल्यावर दिसतं. अक्षर झिजलं असेल तर नटाबाहेर आलेले आटे बघा. मान अशी वाकडी करा, की स्टडचं टोक वर आहे असं दिसेल. समोरच्या अंगाचे आटे उजवीकडे चढत गेले तर सुलटा, डावीकडे चढत गेले तर उलटा. मी आता खडूने प्रत्येक नटावर सोडायच्या दिशेचा बाण काढतो. पोरखेळ वाटतो, पण त्यानंतर एकही स्टड तुटलेला नाही.

दुसरा गुन्हेगार: जवळपास बसणारी गोटी

आमच्या चाकावर दोन मापांचे नट निघाले. काही पाऊण इंची, म्हणजे सहा सुती, आणि काही मागे कधीतरी बदललेले तेरा-सोळांश इंची. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यावर १९ ची गोटी, म्हणजे नटावर चढणारं पान्याचं तोंड, झक्क बसते. तेरा-सोळांश म्हणजे २०.६४. त्यावर आपण २१ ची गोटी चढवतो, ती बसते, फिरते, आणि जोर लावला की नटाचे कोपरे खाते. दुसऱ्या वर्षी गोल झालेले दोन्ही नट हेच. इंची गोटी मुंबईत, पुण्यात जुन्या हत्यारांच्या बाजारात मिळते, नाहीतर ऑनलाइन. आणि घ्यायची ती सहा कोनी. बारा कोनी गोटी चटकन बसते म्हणून सगळ्यांना आवडते, पण ती कोपऱ्यांच्या टोकाशीच धरते. गंजलेल्या नटावर तिचा उपयोग फक्त नट गोल करण्यापुरता.

अजून एक छुपा घोळ आहे. तुटलेल्या स्टडच्या जागी कोणीतरी १२ मिलिमीटरचा, सव्वा मिलिमीटर पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) स्टड ठोकलेला असतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि इंचाला २० आटे म्हणजे १.२७ चं पिच. पिच जवळजवळ सारखं, त्यामुळे जुना नट या नव्या स्टडवर खुशाल चढतो, थोडा लुळा लागतो इतकंच. आटे पकडतात ते नुसत्या टोकांनी. आवळताना एका क्षणी तो मऊ पडतो, आटे सोलले जातात, आणि मग नट धड आवळतही नाही, धड सुटतही नाही. नट हाताने चढवताना बाजूने हलवून बघा. शेजारच्या नटांपेक्षा जास्त डुगडुगला तर तो स्टड संशयित समजा आणि व्हर्नियरने जाडी मोजा.

चाक वर उचलण्याआधी

नट पहिला पाव फेरा चाक जमिनीवर असतानाच हलवायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जीपवाल्यांना जे ठाऊक नसतं ते हँडब्रेकबद्दल. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर धरतो. मागचं एक चाक जॅकवर उचललंत, की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ते चाक मोकळं फिरू शकतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून चालू पडते. समोरच्या तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा, जॅकच्या जोडीला घोडी (लोखंडी स्टँड) लावा. दगड नको, चिरा तर नकोच. जांभा भाराखाली पिचतो.

युद्धातल्या डिस्पोजलच्या (लष्कराने विकून टाकलेल्या) जीपवाल्यांना एक निकडीची सूचना. त्या गाड्यांवर दोन भागांची रिम असते, दोन्ही भाग आठ नटांनी जोडलेले. हबचे पाच नट आतल्या वर्तुळात, हे आठ बाहेरच्या. चाक उतरवायला बाहेरच्यांना हात लावायचा नाही. टायरमध्ये हवा असताना ते सोडले तर रिमचा अर्धा भाग तोफगोळ्यासारखा उडतो आणि समोरचा माणूस वाचत नाही.

तेल, आणि थांबायची तयारी

जाम नटाला आपण तेल पाजतो आणि पाच मिनिटांत पाना लावतो. तेल गंजातून केसाएवढ्या फटीने आत सरकतं, त्याला वेळ लागतो. मी दोन संध्याकाळ देतो. पहिल्या दिवशी तारेच्या ब्रशने स्टडचं बाहेर आलेलं टोक चकचकीत घासायचं. हे महत्त्वाचं, कारण नट सुटताना याच आट्यांवरून बाहेर येणार असतो, आणि वाटेत गंजाची खपली आडवी आली की अर्ध्यात जाम होऊन बसतो. मग टोकाकडून आणि नट जिथे रिमला टेकतो तिथून, दोन्हीकडून तेल सोडायचं. एक किलोचा हातोडा घेऊन नटाच्या तोंडावर आणि बाजूंवर आठ-दहा ठोके. जोराचे नकोत, टणटण वाजणारे. त्या हादऱ्याने गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. स्टडच्या टोकावर ठोकायचं नाही, आटे फुलतात.

कुठलं तेल? डब्ल्यूडी-४० सगळ्यांच्या घरी असतं, आमच्याही आहे. हे मूळचं पाणी हटवणारं रसायन, नावातले डब्ल्यू आणि डी तेच सांगतात. आमच्या जीपच्या मॉडेलच्याच वर्षी, १९५३ मध्ये, सॅन डिएगोत ते तयार झालं. हलक्या गंजाला ठीक, पण चार पावसाळे खाल्लेल्या नटाला खास गंज सोडवणारं तेल आणावं. जुने मिस्त्री रॉकेल आणि गिअर तेल एकत्र करत. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं हा घरगुती काढाही कामाला येतो, फक्त तो ज्योतीजवळ न्यायचा नाही आणि प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवायचा नाही. ब्रेक ड्रमच्या आत यातलं काहीही जाऊ देऊ नका. चाक सुटलं आणि ब्रेक गेला, असा सौदा कोणाला नको.

तिसऱ्या दिवशी पाना. आधी आवळायच्या दिशेने हलकासा झटका, मग सोडायच्या दिशेने. गंजाची पकड बऱ्याचदा आवळतानाच तुटते. नट थोडा हलला की लगेच हर्षवायू होऊ द्यायचा नाही. अर्धा फेरा सोडा, पाव फेरा आवळा, तेल, पुन्हा. करकर आवाज यायला लागला की थांबा, तो आटे एकमेकांना खात असल्याचा आवाज असतो.

पाइपाबद्दल थोडा हिशेब. ८० किलोचा माणूस दोन फुटी दांड्याच्या टोकावर उभा राहिला, की नटावर साधारण ४७० न्यूटन-मीटर जोर पडतो. हा नट आवळायला लागतो शंभराच्या आत. पाच फुटी पाइप घेतला तर जोर अकराशेच्या वर जातो. अर्ध्या इंचाचा स्टड त्याच्या कितीतरी आधी मान टाकतो. म्हणून दोन फुटी दांड्यावर नट हलला नाही, तर दांडा लांब करायचा नसतो. तेल, ठोके किंवा उष्णता वाढवायची असते.

गोल झालेला नट

पहिला उपाय साधा. नटाचा गंज कानशीने काढा आणि एक माप लहान सहा कोनी गोटी हातोड्याने ठोकून चढवा. पाऊण इंचाच्या मेलेल्या नटावर १८ ची गोटी बसते. गोटी स्वस्तातली घ्या, ती यात खराब होणार असं धरूनच.

बाजारात गोल नट काढायच्या पीळदार दातांच्या गोट्या मिळतात. उजव्या चाकावर उत्तम. डाव्या चाकावर तिचे पैसे वाया, कारण तिचे दात डावीकडे फिरवतानाच चावतात आणि उलटा नट उजवीकडे फिरवायचा असतो. मी ती आणली, लावली, आणि दहा मिनिटं नट गोलमटोल करत बसलो. तुटक्या स्टडमध्ये भोक पाडून घालायचा पीळदार काढणारा स्क्रूही तसाच. या हबमध्ये स्टड आट्यांवर नाही, दाबून बसवलेला असतो, त्यामुळे फिरवून तो निघतच नाही.

डावीकडे खात्रीचा मार्ग वेल्डिंगचा. गोल नटावर मोठा नट ठेवून आतून वेल्ड मारून घ्या. नवे कोपरे मिळतात आणि त्या उष्णतेने जुना नट फुगून सैल पडतो, दुहेरी काम होतं. बॅटरीची तार आधी काढा, आणि वेल्डिंगची अर्थिंगची चिमटी त्याच चाकाच्या रिमला लावा. ती चॅसीला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पाडतो.

गॅसने तापवायचं असेल तर त्याहून सावध. टायरमध्ये हवा असताना रिम तापवणं म्हणजे बॉम्बशी खेळणं. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, मगच ज्योत लावा. नट तापला की त्यावर मेणबत्तीचं टोक टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं आणि थंड होताना वंगण म्हणून तिथेच राहतं. हा उपाय मिस्त्रींचा, तेलाने दाद न दिलेल्या दोन नटांवर मी स्वतः बघितला. नट लालभडक झाला असेल, तर तो नट आणि त्याचा स्टड दोन्ही फेकायचे. लाल झालेल्या पोलादाचा कस गेलेला असतो.

हे सगळं फसलं तर नट कापायचा. बारीक चकतीच्या ग्राइंडरने स्टडला समांतर अशी एक खाच पाडा, आट्यांना टेकायच्या जरा आधी थांबा, आणि खाचेत छन्नी ठेवून एक सणसणीत फटका. नट उकलतो, स्टड वाचतो. नट फोडायचं खास हत्यारही मिळतं, पण जीपच्या रिमच्या खोलग्यात ते नेहमी शिरत नाही.

तिसरा गुन्हेगार: फिरणारा स्टड, म्हणजे खरा रोग

आता ज्याने आम्हाला सर्वांत जास्त छळलं ते. नट फिरवला की त्याच्यासोबत स्टडही फिरतो, नट जागचा हलत नाही.

तात्पुरता उपाय असा. बाकीचे चार नट दोन-दोन फेरे सैल करा आणि त्या फिरत्या स्टडजवळ रिमच्या मागून टायरची पहार घालून चाक बाहेरच्या अंगाला रेटा. स्टडचं डोकं हबच्या मागच्या बाजूला असतं, ते हबवर ओढून धरलं जातं. मदतनीस पहार रेटत असताना नट सावकाश फिरवा, गन नको. दहापैकी पाच वेळा एवढ्याने सुटतो. नाहीतर नट कापा, किंवा स्टडच्या मधोमध सेंटर पंच मारून वाढत्या मापाच्या ड्रिलने स्टडच पोखरा. स्टड कठीण असतो. ड्रिल चांगलं हवं, वेग कमी हवा, तेल भरपूर हवं.

पण तो फिरायला लागलाच का? चाक निघाल्यावर ते कळलं. विलीजच्या या हबमध्ये स्टड मागून घालतात, तो हबमधून आणि मग ड्रममधून बाहेर येतो, आणि बाहेरच्या अंगाला त्याच्या मानेचं धातू फुलवून ड्रमच्या भोकात दाबलेलं असतं. रिव्हेट करतात तसं. ड्रम हबला धरून राहतो तो याच फुलवलेल्या कॉलरमुळे. आमच्याकडे पूर्वी तुटलेला स्टड बदलताना कोणीतरी, आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी माझ्याच देखरेखीखाली, तो सरळ घणाने मागे ठोकून काढला होता. फुललेलं धातू हबच्या भोकातून जबरदस्तीने मागे आलं आणि भोक मोठं करून गेलं. त्या मोठ्या भोकात नवा स्टड ठोकला, तो वरवर घट्ट वाटला, आणि गनच्या पहिल्या दणक्याला फिरला. दरवर्षी तेच चाक, त्याच्याच शेजारचा स्टड, याचं कारण हे. आम्ही दरवेळी आजार बरा करत नव्हतो, पुढच्या वर्षीचा पेरत होतो.

बरोबर पद्धत अशी. हब गाडीवरून काढायचं. पुढचं हब बेअरिंगचे नट सोडून येतं. मागचं शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावीसकट (खाचेत बसणाऱ्या पाचरीसकट) बसलेलं असतं, त्याला पुलर (ओढून काढायचं हत्यार) लागतो आणि पुलर जाडजूड लागतो. शाफ्टच्या टोकावर घण मारणाऱ्यांना हात जोडून विनंती, नका मारू, तो धक्का आत बेअरिंगांना बसतो. हब टेबलावर आलं, की स्टडभोवती बसेल असा पोकळ कटर वापरून फुलवलेली कॉलर आधी कापायची. असा कटर बाजारात सहज मिळत नाही. आम्ही टर्नरकडून जाड नळीच्या तोंडाला दात पाडून, पाणी देऊन (तापवून कडक करून) करून घेतला आणि ड्रिल मशीनवर लावला. कॉलर कापली गेली, की प्रेसखाली स्टड मागे सरळ निघतो, भोक शाबूत राहतं. एक फायदाही होतो. कॉलर गेली की ड्रम हबवरून नुसता ओढून काढता येतो, पुढच्या वेळी ब्रेक बघायला हब उतरवावं लागत नाही. मी नवे स्टड पुन्हा फुलवले नाहीत, ड्रमला धरायला चाकाचे नट आहेतच.

नवे स्टड बसवताना ठोकायचे नाहीत, प्रेसने दाबायचे. डाव्या हबला उलटे, उजव्याला सुलटे, दुकानदाराने डब्यावर काहीही लिहिलेलं असो. टर्नरला साध्या लोखंडाच्या सळीतून स्टड कातायला सांगू नका. तो स्वस्तात करून देईल, आटेही सुबक पाडेल, आणि तो स्टड पहिल्या घाटात ताण खाऊन लांब होईल. हाय टेन्साईलच, म्हणजे जास्त ताण सोसणाऱ्या पोलादाचा हवा. मोठं झालेलं भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडून देतो असं सांगणारे भेटतात. चाक अडकवायच्या भागावर मी ते करणार नाही. जाड मानेचा स्टड मिळाला तर ठीक, नाहीतर दुसरं हब शोधा. आम्हाला ते भंगारात मिळालं, पाचही भोकं चांगली.

नट सुटले, पण चाक येत नाही

रिमचं मधलं भोक हबवर गंजून चिकटतं. नट दोन फेरे सैल ठेवून, पूर्ण न काढता, गाडी जमिनीवर हातभर पुढे-मागे ढकलायची आणि ब्रेक दाबायचा. चाक खटकन सुटतं. नाही सुटलं तर घोडीवर घेऊन मागच्या बाजूने टायरवर लाकडी ओंडक्याने ठोका, चाक फिरवत फिरवत.

परत बसवताना

हबचं टेकायचं तोंड आणि मधला कठडा ब्रशने स्वच्छ, त्यावर कॉपर पेस्टचा पातळ हात. आट्यांवर मी ग्रीस लावत नाही, यावर काकांचं आणि माझं पटत नाही. कोकणात कोरडा आटा ठेवणं म्हणजे गंजाला आवतण, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ओल्या आट्यावर टॉर्क पान्याचा तोच आकडा स्टडला कितीतरी जास्त ताणतो, त्यामुळे तेल लावायचंच असेल तर आकडा उतरवायला हवा, आणि तो कितीने, हे काका सांगत नाहीत. आम्ही तोड काढली. आटे कोरडे पुसून आवळायचे आणि नंतर बाहेर उरलेल्या टोकावर ग्रीस फासायचं.

नटाची निमुळती बाजू रिमकडे. सपाट बाजू आत घालून आवळलेले नट मी या गाडीवर बघितलेत, रिमची भोकं त्याने अंडाकृती झाली होती. पहिले चार-पाच आटे हाताने, तेही उलट्या दिशेची आठवण ठेवून. डाव्या बाजूला नट बसत नाही म्हणून पाना लावणारा माणूस आटे मारणार हे नक्की. मग एक सोडून एक असे चांदणीच्या क्रमाने, ७० ते ७५ फूट-पाउंडावर, म्हणजे ९५ ते १०० न्यूटन-मीटरला. डाव्या नटांसाठी टॉर्क पाना उलट्या दिशेलाही मोजणारा हवा. बरेच स्वस्त पाने एकाच दिशेला क्लिक करतात आणि दुसरीकडे नुसते दांड्यासारखे वागतात, तुम्ही क्लिकची वाट बघत आवळत राहता. विकत घेताना हे विचारून घ्या.

चाळीस-पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा एकदा आवळून बघा. यंदा देवगडहून तळेऱ्याला जाऊन आल्यावर डाव्या मागच्या चाकाचे दोन नट थोडे सरकले, बाकी जागच्या जागी. पंक्चर काढायला गाडी कोणाच्या हाती गेलीच, तर त्याला गन लावू देत नाही, स्वतः पाना घेऊन उभा राहतो. मडगार्डच्या आतल्या बाजूला डावीकडे पिवळ्या रंगाने बाण काढून ठेवलाय. आणि जूनमध्ये जीप मांगरात ठेवताना पाचही नट एकदा सोडून, पुसून, पुन्हा आवळतो. अर्ध्या तासाचं काम आहे. यंदाच्या ऑक्टोबरात ते चाक मिस्त्रींच्या समोर साध्या दोन फुटी दांड्याने सुटलं. ते काही बोलले नाहीत, चहा मागितला.